घरचा कान

इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी मला कळलं, की या कंपनीत कोड कुणी लिहीतच नाही. कोड मशीन लिहितं. माणसं चहा पितात आणि मशीननं लिहिलेलं का चाललं, का बिघडलं, यावरून एकमेकांशी वाद घालतात. कॉलेजात डोकं फोडून जे शिकले होते, त्यातलं निम्मं त्या एका सकाळी वाया गेलं. मग मला ठेवलंय कशाला, असं मी सरळ विचारून टाकलं.

"प्रश्न विचारायला," अभिनंदनदादा म्हणाला. अभिनंदन मगदूम म्हणजे कंपनीतला सगळ्यात जुना इंजिनिअर, आणि जुना म्हणजे तिशीतला. "आम्हाला आता प्रश्न पडत नाहीत. सवय झालीय. तू नवीन आहेस, तुला पडतील."

"आणि उत्तरं?"

"तीही तूच शोधायचीस. फुकट चहा पाजतोय काय आम्ही?"

कंपनीचं नाव 'कानोसा'. मिरजेत, एका बंद पडलेल्या लॉजच्या वरच्या मजल्यावर. मिरजेत दवाखाने पुष्कळ, म्हणून पेशंटच्या नातेवाइकांसाठी लॉजही पुष्कळ. आमच्या दारांवर अजून खोल्यांचे नंबर होते. सर्व्हर एका बाथरूममध्ये ठेवला होता, कारण एक्झॉस्ट फॅन तिथंच होता. त्यामुळे कुणी नवीन माणूस हात धुवायला म्हणून आत शिरला की आतून घाबरून बाहेर यायचा.

कंपनी मुबीनाताईंची. मुबीना सतारमेकर. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तंबोरे बनत आले, आणि ह्या शिकल्या आवाजाचं गणित. कमी बोलायच्या, पण बोलल्या की समोरच्याला पेन शोधावं लागायचं. त्यांचा एक नियम होता: कंपनीत येणाऱ्या प्रत्येकानं आपल्या घरातलं एक कमी ऐकू येणारं माणूस आणायचं आणि त्याच्या कानात कंपनीचं ऐकायचं मशीन घालायचं. त्याला त्या 'घरचा कान' म्हणायच्या.

"गिऱ्हाइकाची तक्रार मेलवर येते, ती उद्यावर टाकता येते," त्या मला म्हणाल्या. "घरच्याची तक्रार जेवताना येते. ती टाकता येत नाही."

अभिनंदनदादाचे काका त्याचा घरचा कान. मुबीनाताईंचे अब्बा त्यांचा. मला तर शोधावंच लागलं नाही.

आम्ही इचलकरंजीचे, सातपुते. पप्पा यंत्रमागाचे जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. मागाच्या खटखटाटात उभं आयुष्य गेलं आणि चाळिशी गाठायच्या आतच कान गेले. आमच्या गल्लीत हे काही नवल नाही. आमच्याकडे सगळेच मोठ्यानं बोलतात. पण आमच्या घरात त्याहूनही मोठ्यानं बोलायची पद्धत पडली होती. आईनं आज काय भाजी केलीय हे पप्पांच्या आधी शेजाऱ्यांना कळायचं. आणि सारखं ओरडून ओरडून आईचा आवाजच तसा झाला होता. ती प्रेमानं हाक मारायची तरी नवख्या माणसाला वाटायचं, आता काहीतरी फेकून मारणार.

कान जातात म्हणजे नेमकं काय होतं, हे मला मिरजेत गेल्यावर कळलं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी उभ्या असतात. दारापाशी असतात त्या उंच, बारीक आवाज टिपतात, आणि खोल आत असतात त्या जाड आवाज. गोंगाटाचा मार दारापाशी उभ्या असणाऱ्यांना आधी बसतो. त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. आता क, त, स, श हे सगळे त्यांच्याच वाट्याचे. म्हणून अशा माणसाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. आईचं "ताक काढू का?" हे पप्पांना "आ आऊ आ?" असं पोचायचं. ते बिनधास्त "हां" म्हणायचे आणि मग पेल्यातलं ताक बघून विचारायचे, "हे कुणी मागितलं?"

जुनी मशीनं सगळंच मोठं करून कानात ओतत. मेलेल्या पेशींवर ओरडून काय उपयोग? पप्पांनी तसलं एक घेतलं होतं. ते आईच्या सेफ्टीपिनांच्या डबीत जाऊन पडलं.

'कानोसा'चं काम वेगळं होतं. ते समोरच्याचा आवाज ऐकायचं, गोंगाटातून वेगळा काढायचं आणि पुढं पाठवायचंच नाही. त्याऐवजी तेच शब्द, त्याच माणसाच्या ढंगात, पापणी लवायच्या आत नव्यानं बोलायचं. ऐकणाऱ्याच्या कानात ज्या पेशी जिवंत उरल्यात, त्यांना कळेल अशा आवाजात. थोडक्यात, पप्पांना आईचा आवाज ऐकू येणार नव्हता. मशीननं त्या क्षणी विणलेला, हुबेहूब आईसारखा आवाज ऐकू येणार होता. हे ऐकून मला तेव्हा इतका आनंद झाला होता, की मी दोनदा चहा प्यायले.

घरी नेऊन मी ते पप्पांच्या कानात बसवलं. चाचणीच्या काळात मशीन घरातले आवाज साठवून ऑफिसला पाठवणार होतं, त्यासाठी दोघांची परवानगी लागायची. आईनं सही करताना म्हटलं, "ऐकू देत की. मी काय चोरून बोलते? गल्लीला सगळं पाठ हाय."

मग मी पप्पांच्या मागं उभी राहून हळूच म्हटलं, "पप्पा, मी ईश्वरी."

ते चटकन वळले. "तुझ्या नावात 'श' हाय की गं!" म्हणाले. "मी विसरूनच गेलो होतो." आणि डोळे पुसायला लागले. मग आई म्हणाली, "कसं वाटालंय?" तर ते तिच्याकडं बघून खुळ्यासारखे हसले. "अगं, किती गोड बोलतीस तू!" आईनं पदर तोंडाला लावला. मी तिला लाजताना आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की मिरजेला परत जाताना बसमध्ये शेजारच्या बाईला मी सगळी हकीकत सांगितली.

पुढं फोनवर पप्पा खूश असायचे. "तुझी आई बदलली बघ. चिडतच न्हाई आताशा." आई फोनवर थोडकंच बोलायची. "ते बरे हायत. मीपण बरी हाय. जेवलीस काय?" उन्हाळ्यात माझी सोलापूरची आजी, म्हणजे आईची आई गेली. आम्ही तिघंही जाऊन आलो. त्यानंतर आई अजूनच कमी बोलायला लागली. दुःख असणारच, असं मी म्हटलं आणि कामाला लागले.

काम म्हणजे काय, तर मशीन शिकतं कसं ते समजून घेणं. बहिऱ्या माणसाला मूळ आवाज माहीतच नाही, मग मशीन चुकलं हे तो सांगणार कसा? यावर अभिनंदनदादानं काढलेली युक्ती सगळ्या कंपनीच्या अभिमानाची होती. माणसाला त्रास झाला की तो मशीन कानातून उपसून काढतो. काढलं, की त्याआधी मशीननं जे ऐकवलं ते वाईट, असं समजायचं. पुढच्या वेळी मशीननं तसलं टाळायचं. कानात राहिलं तर चांगलं. झालं, इतकंच. मशीन दिवसात किती वेळ कानात राहतं, त्याला आम्ही 'कानतास' म्हणायचो. सकाळच्या चहाला सगळ्यांचे कानतास भिंतीवरच्या पडद्यावर लागायचे, आणि कुणाच्या घरचा कान पुढं यावरून क्रिकेटच्या वरताण चिडवाचिडवी चालायची.

एका सकाळी पप्पा सगळ्यांच्या वर आले. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर तेच.

"टॉपरची पोरगी!" अभिनंदनदादानं टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं यंत्रमाग कामगारांसाठी आमचं मशीन घ्यायचं का, हे बघायला येणार होती. "त्यांना तुझे पप्पाच दाखवू. का इतका वेळ ठेवतात ते जरा शोधून लिहून काढ."

मी पडद्याकडं बघत होते आणि मला एकच वाक्य सुचत होतं: हे शक्यच नाही.

इतर कुणाला हे कळण्यासारखं नव्हतं. कारण इतर कुणी माझ्या आईला ओळखत नव्हतं. सकाळी ओल्या टॉवेलवरून सुरू झालेली तिची फैर संध्याकाळपर्यंत चालायची. जगातला कुठलाही माणूस, ज्याच्या कानातलं बटन त्याच्या स्वतःच्या हातात आहे, तो ते मिनिटभर तरी काढून ठेवणारच. पप्पा तर काही संत नव्हते.

मग मी शोधायला लागले. मला फार मजा येत होती, हे कबूल करायला हवं. आधी वाटलं, मशीन कानात ठेवूनच पप्पा झोपत असतील. पण ते चार्जिंगला लागल्याची नोंद रोजच्या रोज होती. मग वाटलं, आई घरात नसेल. पण तिचा आवाज दिवसभर होता. मग वाटलं, आई खरंच बदलली असेल. म्हणून मी मशीनच्या मायक्रोफोननं बाहेरून जे टिपलं होतं त्याचा आलेख काढला. त्यात रोजचे उंच उंच सुळके. बाई ओरडत होत्या, काही बदलल्या नव्हत्या. आणि मग मी मशीननं पप्पांच्या कानात जे ऐकवलं त्याचा आलेख त्याच्या खाली ठेवला. तो सपाट. पोळपाटासारखा.

शब्द तेच होते. एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. फक्त सुळके गेले होते.

मी हेडफोन लावला. आधी बाहेरचा आवाज: "कितींदा सांगायचं टॉवेल वाळत घाला म्हणून! मी काय मोलकरीण हाय का तुमची?" आई अस्सल, खिडक्या हलवणारी. मग कानातला आवाज. तेच वाक्य, रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगतात तसं. आणि पप्पांचं उत्तर, "व्हय, व्हय, घालतो." मी इतक्या जोरात हसले, की अभिनंदनदादानं मान वर करून बघितलं.

मी पुढचा तुकडा लावला.

आई हळू बोलत होती. "आईची साडी कपाटात ठेवलीय मी. घडी मोडली न्हाई अजून. तिचा वास येतोय तिला." शेवटच्या शब्दांवर तिचा आवाज फाटला होता. मग नाक ओढल्याचा आवाज. मग काहीच नाही.

मी कानातलं ऐकलं. तेच शब्द. सरळ, गोड, कुठंही न अडखळता. नाक ओढलेलं मशीननं गोंगाट म्हणून गाळून टाकलं होतं.

आणि पप्पांचं उत्तर, अगदी मोकळ्या मनानं दिलेलं: "मग धुऊन टाक की."

मी हेडफोन काढून ठेवला. परत लावला. मला आता काहीच ऐकायचं नव्हतं आणि सगळं ऐकायचं होतं. हे माझ्याच घरातलं बोलणं, मला ऐकायची परवानगी होती, तरीही दाराला कान लावल्यासारखं वाटत होतं. शेवटी कालचा तुकडा आला. आई म्हणत होती, "माझ्या दादानं सांगितलंय, सोलापुरात एका होस्टेलच्या मेसमध्ये बाई पाहिजे. राहायला खोली देतात. रविवारी जाते मी. कायमचीच गेले तर चालंल न्हवं तुम्हाला?" तिचा आवाज थरथरत होता. तिला 'नको जाऊ' एवढंच ऐकायचं होतं, हे दगडालाही कळलं असतं.

मशीननं ते असं ऐकवलं, जणू ती आणखी भात वाढू का म्हणून विचारतेय.

"जा की," पप्पा म्हणाले. "हौस हाय तर जा."

मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला. "रविवारी कुठं चाललीस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "बरं झालं. कुणीतरी ऐकलं."

मी तिला भडाभडा सगळं सांगितलं: मशीन, सुळके, सपाट आलेख. पप्पांना तुझं रडणं ऐकूच येत नाही, त्यांचा दोष नाही, तू जाऊ नको. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मशीनला कशाला बोल लावतीस? ऐकू येत नव्हतं तवा माणूस माझ्या तोंडाकडं बघत होता. काय म्हणते ते कळावं म्हणून हातातलं काम टाकून बघायचा. आता पाठमोरं बसून टीव्ही बघत हां हां करतोय. डोळं तर कुणी काढून घेतलं न्हाईत त्याचं?"

माझ्या कुठल्याच आलेखात हे नव्हतं.

मी वर गेले आणि अभिनंदनदादा, मुबीनाताई दोघांना खोलीत बोलावून दोन्ही आवाज ऐकवले. आधी बाहेरचा, मग कानातला. आईचाच तुकडा लावावा लागला, दुसरा इतका स्पष्ट नव्हता. ऐकवताना मी खिडकीबाहेर बघत होते.

"असं झालंय तर," अभिनंदनदादा म्हणाला. तो हुशार माणूस, त्याला लगेच कळलं. "कुणी चिडून बोललं की लोक मशीन काढायचे. मग त्यानं चिडणं पुसायला सुरुवात केली."

"पण रडणं का पुसलं?"

"त्याला फरक कुठं कळतोय? आवाज चढतो, थरथरतो, फाटतो. रागातही आणि दुःखातही. त्याच्या लेखी दोन्ही एकच, की हे ऐकलं की माणूस मला काढतो." त्यानं हेडफोन टेबलावर ठेवला. "पण ईश्वरी, खरं सांगू का? लोक सुखी आहेत. घरातली भांडणं थांबलीत. माझ्या काकांनी जन्मात पहिल्यांदा माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. हा बिघाड आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

"तुझं नाही ऐकलं, दादा. मशीनचं ऐकलं."

तो चिडला. "इंटर्न आहेस, इंटर्नसारखी राहा. पुण्याची माणसं येणार आहेत. हे काढलं की कानतास आपटणार. लोक वैतागून मशीन फेकून देतील आणि परत ठार बहिरे होतील. ते चालेल तुला? तुझे पप्पाच पहिले फेकतील."

हे खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. पप्पांच्या डोळ्यांतलं ते पाणी मी विसरले नव्हते. 'श' परत हरवला तर?

मुबीनाताई उठून टेबलापाशी आल्या. मग त्या म्हणाल्या, "तंबोऱ्याच्या तारेखाली एक धागा असतो. सुती, साधा. तो काढला तर सूर तोच राहतो, पण तंबोरा बोलायचा थांबतो. माझे आजोबा, दादाजान, तेवढा एक धागा सरकवत तासन् तास बसायचे." त्यांनी हेडफोन उचलून परत खाली ठेवला. "तलाकनंतर मी अब्बांकडे राहते. रोज संध्याकाळी त्यांच्याशी बोलते. परवा ते सगळ्या नातेवाइकांना सांगत होते, बेटी आता सावरली, आवाजावरूनच कळतं." त्या माझ्याकडं बघून हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मी सावरले-बिवरले नाहीये, ईश्वरी. आणि मला वाटत होतं, त्यांना ते कळूनही ते विचारत नाहीत."

अभिनंदनदादा त्यांच्याकडं बघतच राहिला. इतकी वर्षं एका खोलीत काम करून त्यालाही ते माहीत नव्हतं, आणि त्याच्या कानात तर मशीनही नव्हतं.

"काय झालंय ते पुण्याच्या लोकांना मी कळवते," मुबीनाताई म्हणाल्या. "आता आवाजाचा चढउतार मशीननं ठरवायचा नाही. जसा बाहेर, तसाच आत. शब्द मात्र आत्तासारखेच स्पष्ट पाहिजेत."

ते करणं सोपं नव्हतं. कोड लिहिणाऱ्या मशीननं पुन्हा पुन्हा नवा कोड लिहून दिला आणि आम्ही तिघांनी पुन्हा पुन्हा तो नाकारला. एकात आवाज थरथरला की 'त' हरवायचा, दुसऱ्यात आई दुसरीच कुणी बाई वाटायची. खरं सांगायचं तर अभिनंदनदादानंच शेवटी अडलेलं सोडवलं, रागारागानं, माझ्याशी न बोलता. शनिवारी ते तयार झालं.

"एक लक्षात ठेव," मुबीनाताईंनी बजावलं. "गुपचूप घालायचं नाही. आधी माणसाला सांगायचं. त्याचा कान, तो ठरवेल."

"आणि नको म्हणाले तर?"

"तर नको."

रविवारी सकाळी मी घरी पोचले, तेव्हा आईची बॅग दाराजवळ ठेवलेली होती आणि पप्पा कबड्डी बघत होते. "आलीस? बरं झालं," म्हणाले. "तुझी आई चाललीय मामाकडं. कायमची जाते म्हणत होती, थट्टा करत असंल. बदल होईल तिला जरा. आज्जी गेल्यापासनं घरातच हाय."

आई आत डबे भरत होती. मी टीव्ही बंद केला, स्टूल ओढून पप्पांसमोर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. साध्या शब्दांत, काही न लपवता. मी बोलत होते तेही त्यांच्या कानात गुळगुळीत होऊनच जात असणार, या विचारानं मला मध्येच थांबावं लागलं.

"म्हणजे मशीन खोटं बोलत होतं?"

"खोटं नाही, पप्पा. शब्द सगळे खरे होते. नुसतं चिडलेलं आणि रडलेलं तुमच्यापर्यंत येऊ देत नव्हतं."

"मग ती चिडत होती?"

"रोज."

"आणि..." त्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

"नवीन घातलं तर समोरचा जसा बोलेल तसंच सगळं ऐकू येईल. ओरडणंसुद्धा. त्रास होईल. नको असलं तर आहे ते राहू दे, तुमच्यावर आहे."

माझे पप्पा लवकर ठरवणारे नव्हेत. साधी चप्पल घ्यायची तरी चार दुकानं फिरतात. ते बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवून बसले. कितीतरी वर्षांनी घरात शांतता आली होती, तीही अशी गोड. ती कोण सोडेल? मला वाटलं, झालं, आता नको म्हणणार. मी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. बोलायचं नव्हतं मला.

"घाल," ते म्हणाले.

मोबाइलवरून ते मशीनमध्ये जायला फारसा वेळ लागला नाही. तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पप्पांकडंही नाही. बॅगेची चेन लावता लावता, नेहमीची यादी सांगावी तसं ती सांगायला लागली.

"चटणी बरणीत हाय. दही लावलंय, दुपारी फ्रीजमध्ये ठेवा. दूधवाल्याला एकच पिशवी सांगितलीय आता. गॅसचं बटन रात्री बघत जावा. तुमची गोळी खिडकीत हाय, ती घ्यायला इसरू नका."

मी काही तिच्याकडं बघत नव्हते. मी पप्पांकडं बघत होते. पहिल्या वाक्याला त्यांचा हात कानाकडं गेला. वाटलं, काढतात की काय. पण हात तिथंच थांबला. दह्याला त्यांनी मान वर केली. दुधाच्या एका पिशवीवर आईचा आवाज जरा अडकला, तसे ते उठून उभेच राहिले. आणि मग ते वळले, पूर्ण वळले, आणि आईच्या तोंडाकडं बघत राहिले.

"सुवर्णा," ते म्हणाले, "तू रडालीयस."

"न्हाई."

"कधीपासनं?"

आईनं बॅगेची चेन अर्धीच सोडली. तिनं आता त्यांच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही.

"तुम्हास्नी ऐकू यायला लागल्यापासनं," ती म्हणाली.

बाहेर कुणाच्या तरी मागाचा आवाज चालू होता. मग पप्पांनी आपली खुर्ची उचलली, टीव्हीकडं पाठ करून तिच्यासमोर आणून ठेवली आणि बसले.

"सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासनं सांग."

"माझी गाडी हाय."

"सांग."

आई उभीच होती. मग तिनं बॅग पायानं बाजूला सारली आणि खाली, जमिनीवर, त्यांच्यासमोर मांडी घातली.

"मग नीट बसा," ती म्हणाली. "लई वेळ लागंल."